मदत हवी आहे: सँटानाची एलपी, गाणी नाहीत नुसती किरकिर. रविवारच्या आत परत करू का?

मृण्मयी_पुणे
बाबांच्या सत्तरीसाठी गिटारवादक कार्लोस सँटाना यांच्या रॉक बँडची, सँटानाची, जुनी एलपी घेतली, २,६०० रुपयांना. कॉलेजात त्यांच्याकडे कॅसेट होती, ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ अजून गुणगुणतात. काल ते फिरायला गेल्यावर लावून पाहिली. सुरुवातीपासूनच किर्र किर्र, मग लांब कुठेतरी भोंग्यासारखं काहीतरी. दहा मिनिटं झाली तरी कुणी गायलं नाही. एक गाणं कुठे संपतं नि दुसरं कुठे सुरू होतं तेही कळेना. मध्ये टक् टक् असाही आवाज आहे. पिन गेली की तबकडी? की कव्हरात भलतीच तबकडी आहे? विकणारे रविवारी संध्याकाळपर्यंतच परत घेतात आणि वाढदिवस मंगळवारी. लवकर सांगा.

विसुभाऊ
तबकडी धुवा. बादलीत नाही, उताणी धरून. डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, गोल दिशेने. मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका. माझ्या चारशे तबकड्या अशाच जगल्या आहेत.

अण्णा_ठाणे
आधी विचारा तरी कोणती एलपी ते! सँटानाच्या ढिगाने आहेत. ताई, अल्बमचं नाव? टर्नटेबल कोणतं? पिन किती जुनी? बाकीच्या तबकड्या नीट वाजतात का?

मृण्मयी_पुणे
बाकीच्या नीट वाजतात. पिन दिवाळीत बदलली. नाव मोठं आहे, कव्हर निळं, त्यावर उंट. गाणी का नाहीत एवढंच कुणी सांगेल का?

जुनी_तबकडी
उंट म्हटलंत, झालं. ही ‘कॅराव्हानसराय’, १९७२. तबकडी बरोबर आहे. ती किरकिर म्हणजे रातकिडे, मुद्दाम ठेवलेले. भोंगा म्हणजे हॅडली कॅलिमन यांचा सॅक्सोफोन. पहिल्या तिन्ही रचनांत गाणं नाहीच, आवाज येतो तो चौथ्या ‘जस्ट इन टाइम टू सी द सन’मध्ये, अकरा मिनिटं उलटून गेल्यावर. अख्ख्या अल्बममध्ये गायलेल्या रचना तीनच. पहिल्या बाजूला रचना एकमेकींत मिसळत जातात, म्हणून तुम्हाला सांधे सापडले नाहीत.

तुम्हाला हव्या असलेल्या गाण्याची एलपी वेगळी: ‘अब्राक्सस’, १९७०. ‘ओये कोमो वा’ही तिच्यातच.

शास्त्रीय_वेडी
नावाचा अर्थ बघा, कारवाँ आणि सराय. आपल्या मोगलसराईतली सराई तीच. तांडा रात्री मुक्कामाला थांबतो ती जागा, म्हणून रातकिडे आणि उंट. मी हा अल्बम आलापासारखा ऐकते. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही वाटलं होतं, बंदिश कधी येणार? मग लक्षात आलं की बंदिशीची वाट बघणं सोडलं की हे संगीत उघडतं. कव्हर आतून वाचा, परमहंस योगानंदांचा उतारा आहे. त्याच सुमारास कार्लोस सँटाना अध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांचे शिष्य झाले, ‘देवदीप’ हे नाव त्यांनीच दिलं.

केदार_ड्रम्स
आलाप कसला? अनिबद्ध, म्हणजे तालाशिवायचं, काहीच नाही यात. खाली लय सतत चालू आहे. मायकल श्रीव्ह ड्रम्सवर, चेपितो अरेयास टिंबालेसवर, मिंगो लुईस आणि अर्मांडो पेराझा काँगा-बोंगोवर, ही सगळी लॅटिन तालवाद्यं. हे चौघं एकमेकांना जागा करून देतात ते ऐका. पेराझा क्यूबाचे, वयाने या पोरांच्या बापासारखे. यातलं ‘ला फुएन्ते देल रित्मो’ ऐकून मी चार महिने डाव्या हाताचा रियाज केलाय. हा लॅटिन अल्बमच आहे, जॅझ नुसता वरचा मुलामा.

शास्त्रीय_वेडी
केदार, निबद्ध-अनिबद्ध मला माहीत आहे. मी ऐकण्याच्या वृत्तीबद्दल बोलत होते.

सॅनहोजेकर
जॅझ नुसता मुलामा हे पटत नाही. मी तीस वर्षं इथे सॅन फ्रान्सिस्कोजवळ, बे एरियात आहे. सँटाना सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात वाढलेले, जन्म मेक्सिकोतल्या औतलानचा. १९६९च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवानंतर सगळ्यांना त्यांच्याकडून नाचाची गाणी हवी होती. पण त्यांनी नि श्रीव्ह यांनी माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन या जॅझवाल्यांचा ध्यास घेतला. आधीचे दोन स्टुडिओ अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर, आणि हा ऐकून रेकॉर्ड कंपनी कोलंबियाचे क्लाइव्ह डेव्हिस म्हणाले की ही कारकिर्दीची आत्महत्या आहे. तरीही काढला, आठव्या क्रमांकापर्यंत गेला. बँड मात्र फुटला. ऑर्गनवाले ग्रेग रोली आणि गिटारवाले नील शॉन बाहेर पडले, १९७३मध्ये त्यांनी जर्नी हा बँड उभा केला. एवढी किंमत माणूस वरवरच्या हौसेसाठी मोजत नाही.

गिरीश_नाशिक
एवढा खटाटोप कशाला? फोनवर ऐका, ब्लूटूथ स्पीकर घ्या. मी चार हजारांत घेतला, बेस जबरदस्त आहे. लिंक देऊ का?

मृण्मयी_पुणे
सगळ्यांचे आभार, पण टक् टकचं काय? मला शनिवारीच ठरवायला हवं. आणि स्पीकर नकोय.

अण्णा_ठाणे
कव्हरवर क्वाड्राफोनिक लिहिलंय का? चार वाहिन्यांच्या तबकडीला वेगळी पिन लागते, साध्या पिनने ती खराब होते.

जुनी_तबकडी
अण्णा, तुम्ही सीडी-४ पद्धतीबद्दल बोलताय, आरसीए कंपनीवाली. तिला खास पिन लागते. सँटाना कोलंबियाचे, त्यांची पद्धत एसक्यू. ती साध्या पिनवर स्टिरिओसारखी वाजते, घाबरवू नका त्यांना.

मृण्मयीताई, घड्याळ घेऊन बसा. एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. टक् बरोबर तेवढ्याच अंतराने आला तर ओरखडा आहे. कसाही, कुठेही आला तर धूळ किंवा स्थिर वीज. सलग घूं असेल तर ग्राउंडची वायर. किती वेळा येतो आणि कोणत्या रचनेत, ते लिहा.

मृण्मयी_पुणे
मोजलं. दुसऱ्या रचनेत, दोन सेकंदांना थोडा कमी. सात वेळा येऊन थांबतो. उजेडात तिरकी धरली तर तिथे केसासारखी रेघ दिसते.

विसुभाऊ
धुतलीत का?

जुनी_तबकडी
विसुभाऊ, ओरखडा धुऊन जात नाही. ताई, सात फेरे म्हणजे जेमतेम तेरा सेकंद. पिन उडी मारत नसेल तर तबकडी वाजण्याजोगी आहे. पण विकताना रेघ सांगितली नसेल तर पैसे कमी करून मागा. परत करायची की नाही हे बाबांना गाणी हवीत की संगीत यावर आहे.

विसुभाऊ
रेघेत बसलेली धूळ निघते आणि टक् हळू होतो. अनुभवाने सांगतोय.

सॅनहोजेकर
‘साँग ऑफ द विंड’ शाबूत आहे ना? सहा मिनिटं दोन गिटार, शॉन आणि सँटाना, मागे रोलींचा ऑर्गन. ते ठीक असेल तर ठेवाच.

मृण्मयी_पुणे
शाबूत आहे. काल ते तीनदा ऐकलं आणि परत करायचा विचार सोडला. विकणाऱ्यांनी रेघ बघून ६०० रुपये परत केले. विसुभाऊ, धुतली. टक् थोडा हळू झालाय, खरंच.

मृण्मयी_पुणे (बुधवार)
वाढदिवस झाला. काही न सांगता लावली. रातकिडे सुरू झाले तसे बाबा उठले, त्यांनी पंखा बंद केला आणि परत येऊन बसले. पहिली बाजू संपेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘माझ्याकडची ही नव्हे.’ माझा चेहरा पडला. तेवढ्यात म्हणाले, ‘पालट की.’ दुसऱ्या बाजूचं ‘स्टोन फ्लॉवर’ त्यांनी ओळखलं, ब्राझीलच्या जोबिम यांची रचना म्हणून! हे त्यांना माहीत असल्याचं मला सत्तावीस वर्षांत ठाऊक नव्हतं. आज सकाळी पुन्हा लावली.

त्यांनी विचारलंय, शेवटच्या मोठ्या रचनेत वाद्यवृंदाबरोबर बासरी कोणाची आहे?

केदार_ड्रम्स
ती ‘एव्हरी स्टेप ऑफ द वे’. नऊ मिनिटांची, रचना श्रीव्ह यांची. वाद्यवृंदाची बांधणी टॉम हॅरेल यांनी केली.

जुनी_तबकडी
आणि बासरी हॅडली कॅलिमन. सुरुवातीला तुम्हाला भोंगा वाटला होता ना, तेच.