सेन्सिटिव्ह स्किनला रेटिनॉल: लावावं की लांबच राहावं? कोल्हापूरकरांनो, बोला

राजारामपुरीची_मुक्ता
परवा इथं कुणीतरी ठामपणे लिहिलं की ज्यांची स्किन सेन्सिटिव्ह आहे त्यांनी रेटिनॉलला, म्हणजे सुरकुत्यांसाठी लावतात त्या व्हिटॅमिन ए च्या प्रकाराला, हातच लावू नये, तोंड सोलून निघतं, आणि खाली सगळ्यांनी बरोबर बरोबर केलं. मला हे पटलेलं नाही. माझीपण स्किन तसलीच आहे, साबण बदलला तरी गाल लाल होतात, तरीपण मी म्हणते की डोळ्यांच्या कडेच्या आणि कपाळावरच्या बारीक रेघांसाठी सौम्य रेटिनॉइड (रेटिनॉल आणि त्याची व्हिटॅमिन ए ची भावंडं) लावण्यात काही चूक नाही, चूक होते ती घाईत.

बारीक सुरकुत्यांसाठी लावायच्या ज्या काही गोष्टी आहेत त्यात खरोखर अभ्यास झालेली ही पहिली. पेनसिल्व्हेनियाच्या डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी ट्रेटिनॉइन, यातलंच एक जोरदार रेटिनॉइड, आधी पिंपल्ससाठी आणलं, मग पेशंट बायकाच सांगायला लागल्या की कातडी मऊ झालीय, त्यातून १९८६ मध्ये उन्हानं खराब झालेल्या त्वचेवरचा त्यांचा पेपर आला आणि १९९५ मध्ये अमेरिकेत बारीक सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइन क्रीमला मंजुरी मिळाली. ऊन कातडीतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रोटीन, तोडणारी एन्झाइम्स वाढवतं, रेटिनोइक ॲसिड त्यांना आवरतं आणि नवीन कोलॅजन बनायला लावतं, एवढं साधं आहे.

आता सेन्सिटिव्हचा मुद्दा. ट्रेटिनॉइन म्हणजे थेट रेटिनोइक ॲसिडच, ते औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचंच नाही. रेटिनॉल कातडीत गेल्यावर आधी रेटिनाल होतं आणि मग रेटिनोइक ॲसिड, दोन पायऱ्या चढून, म्हणून ते सौम्य पडतं आणि म्हणूनच हळूपण. हा फरक न बघता पोरी पहिल्यांदाच १ टक्क्याची बाटली मागवतात, रोज रात्री चोपडतात आणि आठवड्यात तोंड भाजल्यासारखं झालं की रेटिनॉल वाईट म्हणून मोकळ्या होतात.

मंगळवारपेठेतली_वहिनी
मुक्ताताई, तुम्ही वाचून लिहिलंय ते दिसतंय पण मी पार्लर चालवतो आणि मी रोज तोंडं बघतो. अप्पर लिपचं वॅक्स केलं आणि पट्टीबरोबर वरची कातडीच निघून आली असं झालंय माझ्यासमोर, पोरगी रडायला लागली, मग विचारलं तर म्हणते रात्री एक सीरम लावतो मी. आधी कुणीच सांगत नाही. आणि आपली कातडी सावळी हाय, गोऱ्या बायकांची लाली चार दिवसांत उतरत असंल पण आपल्याकडं जिथं जळलं तिथं काळा डाग पडतो आणि तो महिनोन् महिने जात नाही. रेघ एक गेली आणि डाग दोन आले, काय कमावलं मग? तिकडं युरोपात तर रेटिनॉलवर बंधन आणलंय म्हणं, ते काय उगीच?

राजारामपुरीची_मुक्ता
वहिनी, डागाचं तुमचं शंभर टक्के खरं आहे. जळजळ झाली की सावळ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे कातडीचा काळा रंग, उसळतं, म्हणून तर मी कमी आणि हळू म्हणतेय, आपल्या त्वचेत सोसायला लावायचं नसतंच, चुरचुरलं की थांबायचं. वॅक्सचंपण खरं. पण युरोपचं बंधन जळजळीसाठी नाही, अन्नातून, गोळ्यांतून, क्रीममधून मिळून अंगात एकूण व्हिटॅमिन ए जास्त जाऊ नये म्हणून आहे. २०२४ च्या नियमात चेहऱ्याच्या क्रीमला ०.३ टक्क्यापर्यंत परवानगी आहेच की! सेन्सिटिव्हवाल्यांनी तर ०.१ किंवा त्याच्याही खालून सुरू करायचं.

बावडा_मेडिकलवाला
काउंटरवर उभा असतो म्हणून बोलतो. तुम्ही दोघी रेटिनॉलवर भांडताय पण माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांची स्किन जन्मापासनं सेन्सिटिव्ह नसतेच, ती केलेली असते. गोरं व्हायचं म्हणून मैत्रिणीनं सांगितलेली ट्यूब, त्यात स्टेरॉइड, डाग उजळणारं हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन तिन्ही एकत्र. डॉक्टर ती वांगाच्या डागांसाठी थोडे दिवस देतात, लोक वर्षानुवर्षं फेअरनेस क्रीम म्हणून लावतात, मग कातडी पातळ होते, शिरा दिसतात, उन्हात गेलं की आग होते, आणि बंद केली तर अजून भडकते म्हणून परत तीच मागायला येतात. २०१८ मध्ये सरकारनं असल्या बऱ्याच स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी लोक रिकामी ट्यूब दाखवून "हीच द्या" म्हणतात आणि नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात. अशा तोंडावर ०.१ काय आणि ०.०१ काय, रेटिनॉल लावूच नका, आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा. सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात, दाखवलं तरी चालतंय, पण दाखवा.

जोतिबा_रोड
मी शिक्षिका आहे, रोज गाडीवरून वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन येऊन करते. मला एक कळत नाही, एवढा खटाटोप कशासाठी? ज्या उन्हानं रेघा पडतात ते ऊनच अडवा ना. ऑस्ट्रेलियात चाचणी झाली होती, २०१३ मध्ये छापून आली, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांनी तपासली तर म्हातारपणाच्या खुणा वाढलेल्याच दिसल्या नाहीत, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी. जळजळ नाही, सोलणं नाही. आणि आमच्या गावातल्या बाया दिवसभर उसात राबतात, त्यांच्या तोंडावरच्या रेघांना कुणी नावं ठेवत नाही, मग शहरातल्या पस्तिशीच्या बाईनं एका रेघेसाठी रात्री झोप का घालवायची? वय दिसलं तर दिसू दे की.

राजारामपुरीची_मुक्ता
मॅडम, सनस्क्रीन आधी आणि रेटिनॉल नंतर, यावर माझं तुमचं भांडणच नाही. जी सकाळी सनस्क्रीन लावत नाही तिनं रात्री रेटिनॉल लावूच नये, पावसाळ्यातपण, कारण यूव्ही ढगातून येतंच. पण सनस्क्रीन पुढचं नुकसान थांबवतं, जे झालंय त्याचं काय? आणि वय दिसू दे म्हणता ते मला मान्य आहे, कुणावर सक्ती नाही. मात्र ज्या बाईला स्वतःला वाटतंय तिला "कशाला पाहिजे" म्हणून गप्प करणं मला आवडत नाही. नवऱ्यानं केस काळे केले तर कुणी विचारत नाही.

शाहूपुरी_आयुर्वेदप्रेमी
हे सगळं केमिकल सोडा, बावची आहे की आपली. तिच्यातनंच बाकुचिऑल काढतात आणि ते रेटिनॉलच्या तोडीचं ठरलंय. घरी तेलात बावची उकळून लावा, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट शून्य.

बावडा_मेडिकलवाला
थांबा थांबा, असलं घरी करू नका कुणी!! बावचीत सोरालेन असतं, ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, फोड येतात. कोडावर बावची देऊन ऊन घ्यायला सांगतात ते त्याच गुणामुळं, आणि ते वैद्याच्या देखरेखीखाली. बाकुचिऑल शुद्ध करून क्रीममध्ये घालतात ती गोष्ट वेगळी.

राजारामपुरीची_मुक्ता
हो, आणि त्या बाकुचिऑलची परीक्षा २०१९ मध्ये झालीय, ४४ जण, १२ आठवडे, ०.५ टक्के बाकुचिऑल दिवसातून दोनदा आणि ०.५ टक्के रेटिनॉल एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडं सारखेच कमी झाले, रेटिनॉलवाल्यांना सोलणं आणि चुरचुर जास्त. ज्यांना रेटिनॉल सोसतच नाही त्यांना तो मार्ग चांगलाच आहे, पण ४४ माणसं म्हणजे थोडी, रेटिनॉइडवर चाळीस वर्षांचं काम आहे.

मेसेजमध्ये बऱ्याच जणी विचारतायत म्हणून इथंच सांगते. तोंड धुवून पूर्ण कोरडं होऊ द्या, आधी साधं मॉइश्चरायझर, मग वाटाण्याएवढं रेटिनॉल अख्ख्या तोंडाला, वरून परत मॉइश्चरायझर. आठवड्यातनं दोन रात्री, महिनाभर तेवढंच. पापणी, नाकपुडीचा कोपरा आणि ओठाची कड सोडायची. त्या रात्री स्क्रब नको, लिंबू नको, दुसरं कसलं ॲसिड नको. फरक बघायला तीन महिने तरी जाऊ द्या. एक्झिमा किंवा रोझेशिया (तोंड सारखं लाल होण्याचा आजार) असेल तर हे माझं ऐकून करायचं नाही, डॉक्टर.

नवीन_सूनबाई
ताई, आमचं बाळाचं प्लॅनिंग चाललंय, ०.१ वालं चालेल का? सासूबाई म्हणतात साय लाव.

राजारामपुरीची_मुक्ता
नको गं. प्लॅनिंग चालू असताना आणि दिवस गेल्यावर कुठलंच रेटिनॉइड नाही, कितीपण सौम्य असू दे. पिंपल्ससाठी तोंडावाटे घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइननं, तेही रेटिनॉइडच, बाळात व्यंग येतं हे पक्कं आहे, वरून लावायच्यातून अंगात फार थोडं जातं पण तो धोका घ्यायचाच कशाला. सासूबाईंची साय लाव, सनस्क्रीन लाव, बाकी तुझ्या डॉक्टरना विचार.

मंगळवारपेठेतली_वहिनी
हे बरं सांगितलंस. पण माझं मत काय बदललं न्हाई, माझ्याकडं येणाऱ्या पोरींना मी नकोच म्हणणार, कारण तू सांगतीस तसं आठवड्यातनं दोनदा लावून महिनाभर थांबणारी मला शंभरात दहा बी दिसत न्हाईत. ज्या लावतात त्यांनी एवढं तरी करा, वॅक्सच्या आधी आठवडाभर बंद ठेवा आणि खुर्चीत बसायच्या आधी सांगा. आणि चैत्रात जोतिबाला जाणार असला तर त्याच्या आधीपण बंद, सोललेल्या तोंडावर गुलाल बसला की काय आग होते ते मी बघितलंय.