शब्दचर्चा: रेकॉर्ड प्रोड्युसरला ‘निर्माता’ म्हणावं का?

सहावी तार:
मंडळी, नाइल रॉजर्सवर लेख लिहिते आहे. ‘शीक’ या न्यूयॉर्कच्या डिस्को बँडचा गिटारवादक, पुढे डायना रॉस, डेव्हिड बोवी, मॅडोना यांचा प्रोड्युसर. संपादकांनी ‘प्रोड्युसर’ खोडून सगळीकडे ‘निर्माता’ केलं. आता बोवीच्या अल्बमबद्दलचं वाक्य असं झालंय: ‘लेट्स डान्स’ची निर्मिती रॉजर्सने केली. हे वाचून कुणालाही वाटेल की पैसे त्याने घातले. दुसरा शब्द आहे का? आणि त्याच्या गिटारवादनातल्या ‘चकिंग’ला मराठीत काय म्हणाल?

चौपाटीकर:
निर्माता चालेल की! निर्माण करतो तो निर्माता. पैशाचा अर्थ सिनेमावाल्यांनी चिकटवला, तो आपण का वागवायचा?

खर्ज:
चिकटला तो चिकटला, आता निघत नाही. आणि ‘लेट्स डान्स’ हे तर नेमकं उलटं उदाहरण आहे. 1982च्या अखेरीस बोवीचा कुठल्याच रेकॉर्ड कंपनीशी करार नव्हता. रेकॉर्डिंगचा खर्च त्याने स्वतः केला. म्हणजे मराठी अर्थाने निर्माता बोवी. रॉजर्सने काय केलं? बोवीने स्वित्झर्लंडमध्ये त्याला अल्बमचं शीर्षकगीत बारा तारांच्या गिटारवर ऐकवलं, तेव्हा ते जवळजवळ लोकगीतासारखं होतं. रॉजर्सने त्याची पट्टी चढवली, वाद्यांमध्ये मोकळ्या जागा सोडल्या, आपले नेहमीचे वादक बोलावले आणि न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत अख्खा अल्बम 17 दिवसांत उरकला. त्या अल्बमवर बोवी फक्त गायलाय, एकही वाद्य वाजवलेलं नाही. (लीड गिटार स्टीव्ही रे वॉनची. ती निवड मात्र बोवीची.)

मांडवीपार:
मग ‘संगीत संयोजक’ म्हणा ना. आमच्या गोव्याच्या लोकांनी मुंबईच्या सिनेमात हेच तर केलं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. चाल संगीतकाराची, पण कुठे व्हायोलिनं, कुठे ट्रम्पेट, कुठे शांतता, हे यांनी लिहिलं. मराठीत अनिल मोहिल्यांचं नाव आहेच. शब्द तयार आहे, वापरात आहे.
अवांतर: आपल्याकडचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट आणि हा ‘शीक’ बँड रोमन लिपीत सारखेच लिहितात. लेखात ‘चिक’ छापून येणार नाही ना, तेवढं बघा.

खर्ज:
जवळ आहे, पण पुरत नाही. संयोजकाचं काम वादकांच्या कागदापाशी संपतं. प्रोड्युसर पुढे मिक्सिंगपर्यंत (मुद्रित आवाजांचा मेळ घालण्यापर्यंत) जातो, गायकाकडून पुन्हापुन्हा गाऊन घेतो, कुठलं गाणं अल्बममध्ये राहील ते ठरवतो. ‘संगीत दिग्दर्शक’ हा खरा अर्थाला बसणारा शब्द होता, पण तो आपण चाल बांधणाऱ्याला देऊन बसलो.

दोन आणे:
सूत्रधार! ध्वनिमुद्रणाचा सूत्रधार. नाट्यपरंपरेतला शब्द, सगळ्या दोऱ्या त्याच्या हातात.

चौपाटीकर:
‘मुख्य सूत्रधार नाइल रॉजर्स’ असं वाचलं की पुढे ‘अखेर जेरबंद’ असणार असंच वाटतं.

दोन आणे:
😀 मान्य. वर्तमानपत्रांनी घालवला तो शब्द.

मांडवीपार:
दोऱ्या तरी सगळ्या त्याच्या हातात कुठे असतात? 1980चा डायना रॉसचा ‘डायाना’ अल्बम बघा. रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्सने (शीकचा बेसवादक, रॉजर्सचा भागीदार) तो करून दिला, पण रॉसला आणि मोटाऊन कंपनीला तो पसंत पडला नाही. कंपनीने या दोघांना वगळून आपल्या इंजिनिअरकडून नव्याने मिक्स करून घेतला. बाजारात गेला तो हाच. त्यातलं ‘अपसाइड डाउन’ पहिल्या क्रमांकावर पोचलं. शीकवाल्यांचं मूळ मिक्स 2003मध्ये बाहेर आलं. माझ्या कानाला तेच जास्त आवडतं, पण तो वेगळा धागा होईल.

तिरकिट:
चकिंगबद्दल बोलतो. उजवा हात सतत खालीवर चालू, सोळाच्या सोळा आघात. डाव्या हाताची बोटं क्षणभर दाबायची, मग उचलायची, पण तारेवरून काढायची नाहीत. दाबलं की सूर, सैल सोडलं की नुसती ‘चक्’. तबल्याकडे शब्द आहे: बंद बोल. खुल्या आणि बंद बोलांची जाळी म्हणजे चकिंग. शीकचं ‘गुड टाइम्स’ ऐका, बेस बाजूला ठेवून फक्त गिटार ऐका.
फक्त ‘सोळा मात्रा’ लिहू नका, लोक तीनताल समजतील. मात्रा चारच, प्रत्येकीचे चार भाग.

सहावी तार:
हे फार छान. ‘बंद आघात’ वापरते. त्याने ही शैली एडवर्ड्सच्या सांगण्यावरून उचलली, हेही लिहिलंय. आधी जॅझची जाडजूड पोकळ गिटार वाजवायचा, मग ती देऊन फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेतली. तिचंच नाव पुढे ‘हिटमेकर’.

दोन आणे:
‘डिस्को’ शब्दालाही एखादं वाक्य द्या. आपल्याला डिस्को म्हटलं की मिथुन आणि डिस्को दांडिया आठवतो, सगळा आनंदीआनंद. तिकडे 12 जुलै 1979ला शिकागोच्या कोमिस्की पार्कवर बेसबॉल सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्को रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवला, आणि शब्दच शिवी झाला. ‘गुड टाइम्स’ त्याच उन्हाळ्यात पहिल्या क्रमांकावर गेलं, पण त्यानंतर शीकचं एकही गाणं अमेरिकेत पहिल्या चाळिसात आलं नाही. आपला ‘डिस्को डान्सर’ 1982चा, म्हणजे तिकडे शब्द बदनाम झाल्यावर इकडे भरात आला. रॉजर्स दुसऱ्यांच्या रेकॉर्डींकडे इतका का वळला, याचं निम्मं उत्तर त्या शिवीत आहे.

खर्ज:
+१. आणि गंमत म्हणजे ‘गुड टाइम्स’चा बेस त्याच वर्षी ‘रॅपर्स डिलाइट’ या रॅप गाण्यात वाजला. रॉजर्स-एडवर्ड्सनी कायद्याचा बडगा दाखवल्यावर त्यांची नावं गाण्याचे सहलेखक म्हणून लागली.

सहावी तार:
ठरलं. ‘प्रोड्युसर’ ठेवते, पहिल्या उल्लेखात एका ओळीत काम समजावते: गाण्याची मांडणी, वादकांची निवड, मिक्सिंग. संपादकांना हा धागाच पाठवते.

तिरकिट:
डाफ्ट पंक या जोडीच्या ‘गेट लकी’ला (2013) मात्र त्याला प्रोड्युसर लिहू नका. तिथे प्रोड्युसर डाफ्ट पंक स्वतः. रॉजर्स सहलेखक आणि गिटारवादक. 2014च्या ग्रॅमीत त्याचं नाव असल्यामुळे बरेच जण इथे घोटाळा करतात.