ग्रंथालयाने 'चिकित्सक विचाराला चालना' द्यायची म्हणजे नक्की काय करायचं?

संदर्भविभाग:
विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळते. यंदा वरून फर्मान आलंय की साक्षरता, इतिहास आणि चिकित्सक विचार या तिन्हींना ग्रंथालयाने चालना द्यावी. चालना म्हणजे काय ते अर्थातच फर्मानात नाही. सहकाऱ्यांच्या डोक्यात ठरलेला कार्यक्रम तयार आहे: एक फ्लेक्स, एक व्याख्यान, निबंध स्पर्धा, फोटो, अहवाल.

तेवढंच उरकायचं असतं तर धागा काढला नसता. मुलं येतात, अभ्यासिकेत प्लगजवळची जागा पकडतात, स्वतःच्याच नोट्स घोकतात आणि जातात. कपाटांकडे फिरकत नाहीत. परवा एकाला एकाच उठावावरची दोन पुस्तकं काढून दिली, तर म्हणतो, "मॅडम, यातलं बरोबर कुठलं तेवढं सांगा ना, एकच नेतो." मुलगा आळशी नाही हो, चांगला चुणचुणीत आहे. पण आजवर प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर आणि त्याला दोन मार्क, यातच वाढलाय.

तर भाषण न ठोकता, ग्रंथालयात आहे तेच वापरून काय करता येईल? एक मोठं टेबल, मी आणि आठवड्याला एक तास, एवढंच भांडवल. करून पाहिलेलं असेल तर उत्तम.

तळटीप:
इतिहास शिकवतो, म्हणून आधी हावरटासारखं विचारतो: तुमच्याकडे बाद करायला काढलेले जुने विश्वकोश आहेत का? असतील तर रद्दीत घालू नका, ते टेबलावर आणा.

माझा हमखास चालणारा तास पिल्टडाउनचा. 1912 साली इंग्लंडमधल्या पिल्टडाउन गावी कवटीचे तुकडे सापडल्याचं जाहीर झालं. माणूस आणि वानर यांच्यातला दुवा मिळाला म्हणून मोठा गाजावाजा झाला. ती बनवाबनवी होती हे सिद्ध व्हायला 1953 उजाडलं. कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले आणि सगळ्याला जुनाट दिसावं म्हणून रंग दिलेला! या दोन सालांच्या मधे छापलेल्या संदर्भग्रंथांत हे महाशय मानाने बसलेले सापडतात. मुलांना आधी ती नोंद वाचू द्यायची, काही बोलायचं नाही. मग नंतरची आवृत्ती हातात द्यायची. वर्गात शांतता पसरते आणि कुणीतरी म्हणतंच, "सर, पण हेपण छापलेलंच आहे ना?"

तिथून पुढे तास मुलंच चालवतात. शंका आधी कुणी घेतली होती? (घेतली होती, सुरुवातीलाच.) तिकडे दुर्लक्ष का झालं? खोटं उघडं कशामुळे पडलं? तर हाडं संग्रहालयाने सांभाळून ठेवली होती, म्हणून चाळीस वर्षांनी नव्या चाचण्या करता आल्या. तुमच्या बाद-यादीवर सही करणाऱ्यांना हे जरूर ऐकवा.

कुरकुऱ्या:
सगळं छान आहे, पण तुम्ही दुसऱ्या मजल्यावरून सुरुवात करताय. पदवीच्या मुलांना सलग दोन पानं वाचवत नाहीत हे आधी मान्य करा. अक्षरं येतात, वाक्य संपेपर्यंत कर्ता हरवतो. त्यांच्यापुढे दोन विश्वकोश ठेवलेत तर ते दोन्हींचे फोटो काढून घरी जातील.

आधी एक पान घ्या. एकच. सगळ्यांना झेरॉक्स द्या, एकेक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या. मग पेन्सिलने लेखकाचं म्हणणं जिथे आहे तिथे सरळ रेघ आणि पुरावा जिथे दिलाय तिथे नागमोडी रेघ मारायला सांगा. नामांकित लेखकांच्या पानावरही नागमोडी रेघा किती थोड्या पडतात ते बघून मुलं हरखतात. आमच्या गटात यावरून दोघांची चक्क भांडणं झाली, की "सर्वांना ठाऊकच आहे" ही कुठली रेघ!

दशांश:
निवृत्त ग्रंथपाल. मुलांना पुस्तकं उघडायच्या आधी कपाटापाशी उभं करा. तुमच्याकडे ड्युई वर्गीकरण (विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत) असेल तर 200 च्या, म्हणजे धर्माच्या रांगेत न्या आणि पाठीवरचे बोधांक, म्हणजे लेबलावरचे आकडे, मोठ्याने वाचायला सांगा. 220 ते 280 बायबल आणि ख्रिस्ती धर्म. जगातले उरलेले सगळे धर्म 290 मध्ये कोंबलेले: बौद्ध 294.3, हिंदू 294.5, यहुदी 296, इस्लाम 297. ही मांडणी 1876 ची, एका अमेरिकन ग्रंथपालाची. अलीकडे पर्यायी क्रम देऊ केलाय, पण हजारो लेबलं बदलणार कोण? आपले ग्रंथपाल रंगनाथन यांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून 1933 मध्ये वेगळी पद्धत मांडली, ती का, हेही तिथेच उभ्याउभ्या सांगता येतं. कपाटालासुद्धा स्वतःचं मत असतं हे एकदा दिसलं की मग पुस्तकाच्या मताकडे बघायला वेगळं शिकवावं लागत नाही.

टॅबवर_टॅब:
आणि स्क्रीनचं काय? मुलं वाचतात तिथेच. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि 25 विद्यार्थ्यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली होती. विद्यार्थीच काय, इतिहासकारही देखण्या पानाला आणि भारदस्त नावाला भुलले (तळटीप, रागावू नका). तपासनीस त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. नवे टॅब उघडून या संस्थेबद्दल इतर कोण काय म्हणतंय ते आधी पाहिलं. हे दहा मिनिटांत शिकवता येतं.

संदर्भविभाग:
सगळ्यांचे आभार. कुरकुऱ्यांचं पटलं, पहिले काही आठवडे फक्त एक पान आणि पेन्सिल. त्यानंतर दशांश यांची कपाटफेरी, मग पिल्टडाउन. टॅबचं काम आमच्या संगणक कक्षातल्या मुलाकडे सोपवते, त्याला उत्साह आहे. बाद-यादी आज थांबवून घेतली. 1953 च्या आधीचा एक विश्वकोश त्यात निघाला, 'पी'चा खंड शाबूत आहे, वाळवीने 'एस'वर भागवलंय.

कुरकुऱ्या:
आणि अहवालात काय लिहिणार?

संदर्भविभाग:
फ्लेक्स तर लागणारच आहे. त्याच्यासमोर टेबल मांडते, म्हणजे फोटोचंही होऊन जाईल.