मदत हवी आहे: गो खेळणाऱ्या प्रोग्रॅमला गुण मोजायला कसं शिकवू?

९×९ च्या पटावर गो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी जागा वेढायचा खेळ) खेळणारा छोटा प्रोग्रॅम लिहितोय आणि गुणमोजणीपाशी पार अडकलोय. चिनी पद्धतीत वेढलेली जागा आणि पटावरच्या जिवंत (प्रतिस्पर्ध्याला पकडता न येणाऱ्या) सोंगट्या दोन्ही मोजतात, त्यामुळे शंका असेल तिथे शेवटपर्यंत खेळून निकाल लावता येतो. जपानी पद्धतीत स्वतःच्याच जागेत उगाच सोंगटी टाकली की एक गुण जातो, म्हणून तिथे तसं खेळून बघता येत नाही. माणसं मेलेल्या (पटावर असल्या तरी वाचू न शकणाऱ्या) सोंगट्या नजरेनं ओळखतात, आपसांत ठरवतात. संगणकाला ते कसं कळावं?

२०१६ मध्ये गोचा अव्वल खेळाडू ली सेडॉलला ४-१ हरवणारा अल्फागो हा संगणक प्रोग्रॅम गुणांचा फरक नव्हे, जिंकण्याची शक्यता वाढवत होता. माझ्या प्रोग्रॅमचंही ध्येय तेच आहे, पण हरायला लागला की तो भलत्याच चाली खेळतो.

जपानी नियमांनी कुणी हे केलंय का? मेलेल्या सोंगट्या कशा ओळखल्या, तेवढं तरी कृपया सांगा.