मेंदूला सौम्य इजा झालेला सैनिक ड्युटीला तयार आहे का? दुहेरी चाचणीच्या गुणांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला हा विषय हौसेने घेतला आणि आता अडकलेय.

‘सौम्य’ म्हणजे बेशुद्धी अर्ध्या तासाच्या आत, गोंधळ किंवा विस्मृती 24 तासांपर्यंत, ग्लासगो स्केलवर (शुद्धी किती आहे ते मोजणारं, 15 पैकी) गुण 13 ते 15, स्कॅन स्वच्छ. (ज्याचं डोकं भणभणतंय त्याला हा शब्द ऐकवून बघा!) अमेरिकी लष्करात 2006 पासून ‘मेस’ ही तपासणी आहे. तिच्यातला स्मृती-एकाग्रतेचा भाग 30 गुणांचा. पण तो इजेनंतर लगेच करायचा. काही दिवसांनी जवान यादीतले शब्द धडाधड सांगतो आणि गुण छान पडतात. गस्तीवर मात्र त्याला चालता चालता वायरलेस ऐकायचा असतो.

म्हणून तिथे ‘अ‍ॅम्प’ नावाचा चाचण्यांचा संच तयार झाला. त्यात दुहेरी चाचण्या आहेत, म्हणजे एकाच वेळी दोन कामं: शंकूंमधून वळणं घेत धावताना सामानाची यादी लक्षात ठेवायची, किंवा वायरलेसवरचं बोलणं ऐकत मॅगझिनमध्ये काडतुसं भरायची.

अडचण अशी. धावण्याची चाचणी मी चार मैत्रिणींवर करून पाहिली. दोघींचा वेग तसाच राहिला, पण यादी विसरल्या. दोघींचं उलट. मग गुण कुणाचे कमी धरायचे?

प्रतिसाद १
दोन्ही बाजूंचे वेगळे धरा. समजा, नुसतं धावायला 20 सेकंद लागतात आणि यादीसह 23, तर धावण्यातला तोटा 15 टक्के. नुसते 10 शब्द आठवतात आणि धावताना 6, तर स्मृतीतला तोटा 40 टक्के. यांची सरासरी कृपया काढू नका, त्यात सगळं झाकलं जातं. माणूस कुठलं काम सोडून देतो, तेच तर पाहायचंय. दोन्ही कामं सारखीच महत्त्वाची आहेत हे आधी सांगा, नाहीतर जो तो आपल्या सोयीने निवडतो. आणि दर वेळी यादी बदला. तीच दिली तर दुसऱ्या खेपेला पाठ झालेली असते. डोकेदुखी, चक्कर आधी आणि नंतर विचाराच. गुण उत्तम आणि उलटीची भावना, असंही होतं.

धागाकर्ती
आभारी आहे! सरासरीच काढून ठेवली होती. शिवाय न धावता यादी किती आठवते, हे मोजलंच नव्हतं. उद्या चौघींना परत बोलावते, शिव्या खाईन.