लोह रोज नक्की किती लागतं, १८ की २९ मिलिग्रॅम?

चिंचवडची_ताई:
नमस्कार मंडळी, वय ३६, तब्येत चांगली आहे, हिमोग्लोबिन १२.६ आलंय. बहीण न्यू जर्सीला असते, ती म्हणते बायकांना लोह रोज १८ मिलिग्रॅम, इकडे डाएटिशियन म्हणाली २९. एवढा फरक कसा? आणि कॅल्शियम १००० म्हणे, ते जेवणातून होतं का गोळी घ्यावीच लागते? मिस्टर म्हणतायत लोहाची गोळी आणलीच तर दोघंही घेऊ.

बाजरीची_भाकरी:
ताई दोन्ही आकडे बरोबर आहेत. २९ हा आयसीएमआर-एनआयएनचा, म्हणजे आपल्या सरकारी पोषण संस्थेचा, २०२० चा, पुरुषांना त्यातच १९ आहे, अमेरिकेत पुरुषांना ८ च. आपलं जेवण पोळी, भाकरी, डाळीचं, धान्या-डाळींतल्या फायटेट नावाच्या घटकामुळे त्यातलं लोह अंगी कमी लागतं, मटणमाशातलं जास्त लागतं, म्हणून आपल्याला ताटात जास्त धरावं लागतं. आणि नुसत्या पालकावर राहू नका, १०० ग्रॅममध्ये ३ मिलिग्रॅमच्या आसपासच असतं, बाजरीत ६ च्या वर.

सातारकरीण:
मी चहाचं सांगते कारण माझं त्यातच गेलं. जेवण झालं की ताटं उचलायच्या आधी आधण ठेवायचे, वर्षानुवर्षं, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा रिपोर्ट, काही वर येईना. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता चहा दीड तासाने आणि उसळीवर, वरणभातावर लिंबू पिळतेच पिळते. कॅल्शियमची गोळी घ्यायची वेळ आली तर लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका, वेगळ्या वेळी घ्या.

नाचणी_सत्व:
कॅल्शियम जेवणातून होतं. पेलाभर दूध साधारण २४०, वाटीभर दही, ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी १८० च्या आसपास, वर पोह्याचा चमचाभर तीळ म्हणजे अजून शंभरेक. रोज सगळं जमलं तर गोळीची गरज सहसा पडत नाही. मिस्टरांना मात्र लोहाची गोळी रिपोर्ट न बघता अजिबात देऊ नका प्लीज, जास्तीचं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही, साठत राहतं, आणि पुरुषांना पाळी नसल्यामुळे ते जाणार कुठून.

चिंचवडची_ताई:
खूप आभार सगळ्यांचे. गोळी कॅन्सल, दुपारचा चहा चार वाजता. नाचणीची भाकरी थापताना चिरते हो माझी, काय करू?

नाचणी_सत्व:
उकळत्या पाण्यात पीठ टाकून उकड काढा, झाकून ठेवा आणि गरम असतानाच मळा, नाही चिरणार.