मदत हवी आहे: कानात सतत शीळ वाजत असताना बर्लिनच्या क्लबमध्ये लाइव्ह टेक्नो ऐकायला जायचे आहे

नमस्कार. माझे वय 54 असून पुण्यातील एका ढोलपथकात मी 16 वर्षे वाजवत होतो. नदीपात्रातला सराव आणि विसर्जन मिरवणुकीतले ते तासन्‌तास आता कानांना भोवले आहेत. गेली 4 वर्षे उजव्या कानात बारीक शीळ अखंड चालू असते. दिवसा ती फारशी जाणवत नाही, परंतु रात्री पंखा बंद केला की लांबच्या घरात कुकरची शिट्टी अडकून राहावी तशी ऐकू येते. ऑडिओग्रामचा, म्हणजे श्रवणचाचणीचा, आलेखही 4000 हर्ट्झपाशी खाली घसरलेला आहे.

माझी मुलगी बर्लिनमध्ये शिकते. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत आणि तेथील ट्रेझोर या क्लबमध्ये होणाऱ्या टेक्नोच्या, म्हणजे यंत्रांवर रचलेल्या नृत्यसंगीताच्या, एका लाइव्ह कार्यक्रमाला मी यावे, असा तिचा आग्रह आहे. येथे लाइव्ह म्हणजे डीजेने रेकॉर्ड लावणे नव्हे; कलाकार ड्रम मशीन, सिंथेसायझर आणि सिक्वेन्सर (ठरवलेला सुरांचा क्रम पुन्हा पुन्हा वाजवणारे यंत्र) समोर मांडून तिथल्या तिथे लय रचत जातो. मलाही मनापासून जायचे आहे. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँड कंपनीच्या टीआर-808 (ड्रम मशीन) आणि टीबी-303 (बेस सिंथेसायझर) या यंत्रांवर बांधलेले राग तिने मला ऐकवले, तेव्हापासून ढोलाच्या ठोक्यावर ताशाची तर्री चढावी तसा यंत्रावर चढत जाणारा ठेका एकदा समोर उभे राहून ऐकावा, असे वाटू लागले आहे.

हा क्लब 1991 मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीघरात सुरू झाला आणि 2007 पासून एका बंद पडलेल्या वीजकेंद्राच्या इमारतीत आहे. कार्यक्रम त्याच्या तळघरात आहे, आणि माझी काळजी तेथूनच सुरू होते. मिरवणुकीत आवाज वर आकाशात निघून जातो. बंद तळघरात तो भिंतींवरून परत अंगावर येणार.

वाचून जे समजले ते असे. 85 डेसिबल आवाज 8 तास सोसता येतो, त्यापुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला ती जेमतेम पाव तास उरते. जर्मनीतील मानकानुसार प्रेक्षकांच्या जागेत अर्ध्या तासाची सरासरी 99 डेसिबलच्या पुढे जाऊ नये. म्हणजे मर्यादा पाळली गेली, तरी उघड्या कानांनी माझ्यासारख्याने तेथे थांबणे योग्य नाही. माझ्या डॉक्टरांनी फोमचे बोळे घालण्यास सांगितले आहे. ते मी सरावात वापरून पाहिले. त्यांनी वरचे स्वर इतके दाबले जातात की ताशा गोणपाटाखाली वाजल्यासारखा वाटतो आणि केवळ ढोलाची घुमार छातीत उरते. तसेच ऐकायचे असेल, तर एवढ्या लांब जाण्यात मला अर्थ वाटत नाही.

कानाचा साचा घेऊन बनवलेल्या, सर्व स्वर सारखेच कमी करणाऱ्या इअरप्लगमध्ये 9, 15 आणि 25 डेसिबलचे फिल्टर मिळतात. कागदावर 15चा फिल्टर पुरेसा दिसतो, पण प्रत्यक्षात तो नीट न बसल्यास काय, या विचाराने मी 25कडे झुकतो आहे. ज्यांना असा कानाचा त्रास आहे आणि जे असे इअरप्लग घालून क्लबमध्ये गेले आहेत, त्यांनी कोणता फिल्टर निवडला आणि दुसऱ्या दिवशी शीळ वाढली का, हे कृपया सविस्तर लिहावे.

स्पीकरपासून दूर मागे उभे राहिल्याने तळघरात खरोखर फरक पडतो का, की दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन कानांना विश्रांती देणे अधिक उपयोगी, हेही जाणून घ्यायचे आहे. माझ्या वयाच्या माणसाला दारावर अडवतात का, ही शंका दुय्यम आहे, तरी कोणास अनुभव असल्यास अवश्य सांगावा.

पुण्यात कानाचा साचा नीट घेणारे ऑडिओलॉजिस्ट कोणाच्या माहितीत असतील, तर मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे. साचा निघण्यापूर्वी उजव्या कानातला मळ काढून घ्यायचा आहे, त्यामुळे ते काम मला याच महिन्यात सुरू करायचे आहे.